पाचवी धार

भादव्यात पाऊस दम खात पडतो. एक सर येऊन गेली की मध्ये बराच वेळ काहीच होत नाही, आणि त्या मधल्या शांततेत एरवी दबलेले आवाज वर येतात. इथे कल्याणात ते आवाज म्हणजे पत्र्यावरची पागोळी आणि शेजारच्या मोरीत भरून वाहणारी बादली. मुरबाडच्या पलीकडे, सह्याद्रीच्या भिंतीखाली ज्या गावात मी दोन वर्षं मास्तर होतो, तिथे त्या शांततेत फक्त पाणी ऐकू यायचं. खूप उंचावरून, न थांबता पडणारं पाणी. वर्ग चालू असताना मी बोलायचा थांबलो की ते बोलायला लागायचं.

परवा शेजारच्यांची मुलगी आली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींचा बेत ठरला होता. म्हणाली, “काका, तुम्ही त्या बाजूला नोकरीला होता ना? गर्दी नसलेला एखादा धबधबा सांगा. वाट जरा अवघड असली तरी चालेल.”

“आता आठवत नाही गं,” मी म्हटलं.

ती गेल्यावर दार लावून मी खुर्चीत बसून राहिलो. आठवत नाही असं नाही. डोळे मिटून अजून जाईन. गावाच्या उगवतीला ओढा, ओढ्यानंतर जांभळाची राई, मग कारवीतून चढणारी पाऊलवाट, मग काळ्या कातळाचा उतरता फरस, त्यावर पाय कसा तिरका टाकायचा तेही पायांना पाठ आहे. गावाचं नाव मात्र इथेही लिहिणार नाही. टोकावड्याच्या पुढे, डोंगराला टेकलेलं एक गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. युद्ध सुरू होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं, पण आमच्या गावात त्याची खूण म्हणजे रॉकेलची चणचण, बस. चौथीपर्यंतची शाळा, मी एकटाच शिक्षक. शेणाने सारवलेली जमीन आणि डोंगराकडे उघडणारं दार. पावसाळ्यात त्या दारातून चार धबधबे दिसायचे. ढग वर उचलला गेला की काळ्या भिंतीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या. गावात त्यांना धबधबा कुणी म्हणत नसे, ‘धार’ म्हणत. पहिली म्हातारी, कारण ती विंचरलेल्या पांढऱ्या केसांसारखी सुटी सुटी पडे. मग जोडधार. मग सोंड. चौथी वाजती, तिच्या पायाशी पोकळ कातळ होता म्हणून. आणि पाचवी दिसत नसे. डोंगराच्या एका दुमडीत, दाट रानाच्या आत ती पडे. तिला नावही नव्हतं. ‘वरची’ म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा उतरवत.

हे सगळं मला सांगितलं राहीबाईने. राही ठाकरांच्या वाडीतली. वाडी गावापासून मैलभर वर, उतारावर. चाळिशीची असेल, नवरा लवकर गेलेला, मूल नाही. उतारावर नागली-वरई लावायची, हिरडा आणि मध गोळा करून बाजारात न्यायची. पहिल्याच भादव्यात मला हिवतापाने धरलं तेव्हा शाळेतच पडून होतो. गावातले लोक दारातून विचारपूस करून जात. राही आत आली, चूल पेटवली आणि पुढचे बारा दिवस रोज पेज घेऊन येत राहिली. “मास्तर, ऊठ. थंड झाली म्हंजी तुला उतरायची नाय,” एवढंच बोलायची. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची; पाटलालासुद्धा. बरा झाल्यावर मी विचारलं, तुझे उपकार कसे फेडू? ती हसली. “कसलं रं उपकार? तू आजारी व्हतास.”

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात मनोहर आला.

मनोहर माझा शाळासोबती. कल्याणला एका बाकावर सहा वर्षं काढलेली. चित्रं सुरेख काढायचा. भूमितीच्या वहीत प्रमेयाच्या बाजूला त्याच्या हातचा बैल किंवा होडी असायचीच. माझे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी तो आमच्या घरी यायचा, काही न बोलता माझ्या शेजारी अंथरूण टाकायचा. माणूस आपला आहे हे ओळखायला आणखी काय लागतं? पुढे तो मुंबईला एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला लागला. त्याचं पत्र आलं: प्रकृती ठीक नाही, तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे, तुझ्या पत्रातल्या धारा बघायला येतो. मला इतका आनंद झाला की मी मुलांना तासभर आधी सोडून दिलं.

त्या तीन आठवड्यांइतका सुखाचा काळ माझ्या आयुष्यात फारसा आला नाही. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच लिहायला हवं.

शाळा सुटली की आम्ही निघायचो. रविवारी तर सकाळीच. डोक्यावर इरलं, पिशवीत भाकरी आणि ठेचा. म्हातारीच्या पायथ्याशी पाणी इतकं हलकं होऊन यायचं की अंगावर पडतंय की श्वासातून आत जातंय कळायचं नाही. जोडधारेखाली आम्ही खेकडे पकडले आणि ओल्या काटक्यांवर भाजायचा प्रयत्न केला. धुराने डोळे सुजले, खेकडे कच्चेच राहिले, तसेच खाल्ले. सोंडेच्या वरच्या अंगाला चढून गेलो तर पाणी कड्यावरून खाली झेपावताना दिसलं. मनोहर पालथा पडून कडेवरून डोकं बाहेर काढून बघत राहिला. मी त्याचे पाय धरून ठेवले होते. “सोडू नकोस हां,” तो ओरडला. “वेडा आहेस का?” मी म्हटलं. तेव्हा त्याचे पाय माझ्या हातात होते आणि मला त्यात किती धन्य वाटत होतं!

त्याच्याजवळ एक जाड वही असे. मेणकापडात गुंडाळलेली. थांबलो की तो ती काढायचा आणि पेन्सिलीने रेघा ओढायचा. पाणी काढणं फार अवघड, म्हणायचा. पाणी काढायचंच नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं काढायचं आणि पाण्याची जागा कोरी सोडायची. आणि त्याला झाडांचं वेड लागलं होतं. चालता चालता थांबायचा आणि एखाद्या ऐनाला, धावड्याला सरळ मिठी मारायचा. “ये, ये, पलीकडून धर,” मला बोलवायचा. मी पलीकडून हात पसरायचो. दोघांची बोटं मागे एकमेकांना लागली की तो मोठ्याने हसायचा. “दोघांच्या कवेत मावला!” मग वहीत काहीतरी टिपायचा. मला वाटायचं, मुंबईच्या कोंडलेल्या खोलीतून आलेला माझा मित्र झाडांना भेटतोय. मी मुलांना सांगितलंसुद्धा, की झाडाला अशी मिठी मारून बघा, साल गालाला लावून बघा. काही दिवस माझी सगळी शाळा झाडांना मिठ्या मारत हिंडत होती.

चार धारा झाल्या. पाचवीचा आवाज रोज ऐकू यायचा.

“वरची दाखव ना,” मी राहीला म्हटलं. ती शाळेच्या ओट्यावर बसून करटोली निवडत होती. मनोहर शेजारीच होता.

“ती बगायची धार नाय, मास्तर.”

“म्हणजे?”

“नव्याला जातो आमी तिकडं. भादवा लागला म्हंजी पयलं दानं घेऊन. आनवानी. परक्याला नेत नाय कोन.”

नवं म्हणजे नव्या धान्याची पहिली कणसं रानातल्या देवाला दाखवायची रीत. त्याआधी वाडीतलं कुणी नवा दाणा तोंडात घालत नसे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी हटून बसलो. मनोहरची रजा संपत आली होती. त्याने मला काही म्हटलंही नव्हतं. फक्त डोंगराच्या त्या दुमडीकडे बघत बसला होता, आणि तेवढं मला पुरलं.

“राहीबाई, मी परका आहे का?”

“तू नाय.”

“मग हाही नाही. हा माझा भाऊ समज. माझ्यापेक्षा याच्यावर जास्त विश्वास ठेव.”

तिने मनोहरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. हातातलं करटोलं तिने टोपलीत टाकलं. “तू सांगतोस म्हनून,” ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी सगळी वाडी खाली उतरते. त्या दिवशी तिने आम्हाला नेलं. राईच्या तोंडाशी आम्ही चपला काढल्या. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती सावली. दिवस असून संध्याकाळ वाटावी अशी, हिरवी, थंड. पायाखाली पालापाचोळा इतका जाड की पाऊल वाजत नव्हतं. बुंध्यांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर थेंब. एक झाड पडलेलं होतं आणि त्याच्या अंगावर दुसरी दहा झाडं उगवली होती. राही पुढे चालली होती, मध्येच एखाद्या फांदीला हात लावत, घरातून जाताना आपण दाराच्या चौकटीला लावतो तसा.

आणि मग आवाज एकदम चहूकडून आला, आणि समोर ती होती.

फार मोठी नव्हती. चारही धारांपेक्षा लहानच. पण ती आदळत नव्हती. कातळाला अंग लावून, पसरून, सावकाश उतरत होती, आणि खाली एका गोल डोहात शिरताना फक्त किंचित उसासा टाकत होती. डोहाचं पाणी तळापर्यंत स्वच्छ. काठावर शेंदूर लावलेला एक दगड, त्याच्यापुढे गेल्या वर्षीच्या कणसांची काळी पडलेली देठं. एवढंच. देऊळ नाही, घंटा नाही.

राहीने ओंजळीत पाणी घेतलं. “हितलं हितंच ऱ्हाऊ दे,” ती आम्हा दोघांना म्हणाली. “घ्या पानी हातात आनि बोला.” मी पाणी घेऊन शब्द दिला. मनोहरनेही दिला. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. ते धारेचे तुषार नव्हते. त्या दिवशी त्याने वही बराच वेळ काढलीच नाही.

येताना माझा पाय घसरला. घोटा मुरगळला, टेकवता येईना. आल्या वाटेने कातळावरून उतरणं शक्य नव्हतं. राही थोडा वेळ विचारात उभी राहिली आणि मग आम्हाला रानाच्या दुसऱ्या अंगाने घेऊन निघाली. ती म्हशींची वाट होती, लांब वळसा घालून नाल्याच्या काठाने गावाच्या मागे उतरणारी. चढ असा नव्हताच. मनोहरने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला होता. अडीच-तीन तास त्याने मला तसं वाहून आणलं, एकदाही कुरकुर केली नाही.

“ही वाट बरी आहे रे,” वाटेत तो म्हणाला. “जरा झाडोरा काढला तर बैलगाडी चढेल.”

“म्हातारपणी गाडीतून येऊ मग,” मी म्हटलं आणि आम्ही दोघेही हसलो.

चार दिवसांनी तो गेला. जाताना म्हणाला, “तू मला काय दिलंस ते तुला कळणार नाही.” खरंच कळलं नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी मुलं घरी गेली होती आणि मी ओट्यावर वह्या तपासत होतो. एक अनोळखी माणूस आला. जाडजूड, अंगात कोट, हातात काठी. म्हणाला, मी मुकादम, माणसं आणि गाड्या मागून येताहेत, मला मराठी वाचता येत नाही, हा कागद जरा वाचून दाखवता का मास्तर?

मी कागद घेतला. अक्षर पाहिल्यावर आधी आनंदच झाला, इतकं ते ओळखीचं होतं. शाळेपासून मी त्या अक्षरातल्या वह्या उतरवून घेतल्या होत्या. मग वाचायला लागलो. ऐन, धावडा, खैर, हेद. प्रत्येकापुढे आकडे आणि बुंध्यांची मापं. कवेत मावतील ते किती, न मावणारे किती. कोळशासाठी कुठलं रान आधी घ्यावं. आणि खाली: ‘गावामागून म्हशींची वाट आहे. रुंद केल्यास भरलेली बैलगाडी सहज उतरते. रान मालकीचे असून मालक आजवर वाट नाही म्हणूनच विकण्याचा विचार करीत नव्हते.’ कोपऱ्यात एक चित्र होतं, अंगठ्याएवढं. रेघांच्या मध्ये कोरी सोडलेली जागा. पाचवी धार.

मी सगळं वाचून दाखवलं. मोठ्याने, स्पष्ट, वर्गात धडा वाचतो तसं. का वाचलं ते आजही सांगता येत नाही. थांबलो असतो तर रडलो असतो, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवून मी पायी मुरबाड गाठलं आणि कल्याणची मोटार पकडली. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागे लोखंडी पिंप बसवलेलं, त्यात कोळसा पेटवून त्या गॅसवर गाडी चालायची. क्लीनर पंख्याची मूठ गरागरा फिरवत होता, पिंपातून धूर येत होता. “आता लौकरच चांगला माल येनार हाय,” तो ड्रायव्हरला सांगत होता, “डोंगराकडचा. ऐन-धावड्याचा.” मी खिडकीजवळ बसलो होतो. उतरून जावंसं वाटलं. पण उतरून जाणार कुठे? सगळ्याच गाड्या कोळशावर चालत होत्या.

मनोहर मुंबईहून आलेला, कल्याणच्या घरीच होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्याच्या आईने पोहे केले. आम्ही गच्चीवर गेलो.

“तुझा व्यापारी कसला व्यापार करतो, ते मी कधी विचारलं नाही,” मी म्हटलं.

“इमारती लाकूड आणि कोळसा.” तो कठड्याकडे बघत होता. “लपवलं नव्हतं मी. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“तू पाणी हातात घेऊन शब्द दिलास.”

“तेव्हा खरंच दिला होता. परत गेलो तर साहेब म्हणाले, तीन आठवडे फिरलास, एवढंच आणलंस? चार धारांकडचं रान विरळ आहे. मला बढतीचं सांगून पाठवलं होतं. घरात बहीण लग्नाची.” त्याने कठड्याला हात टेकले. “मी नसतो गेलो तर दुसरा कुणी गेला असता. युद्ध चाललंय. कोळसा लागणारच आहे.”

“दुसऱ्याला राहीने नेलं नसतं.”

तो कठड्यावरून माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “एक मात्र खरं मान. मी तिथे जे बघितलं ते मनापासून बघितलं. ते सोंग नव्हतं.”

मला हेच सगळ्यात असह्य झालं. तो सोंग करत असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. लबाड माणूस ओळखता आला नाही, एवढीच चूक पदरात पडली असती. पण डोळे भरून आलेला माणूस त्याच डोळ्यांनी झाडं मोजू शकतो, मला खांद्यावर वाहून आणताना वाटेचा उतार जोखू शकतो, हे मी कुठे ठेवणार होतो? त्या तीन आठवड्यांतला प्रत्येक क्षण मी पुन्हा पुन्हा काढून बघू लागलो. हा खरा होता की मापाचा? हे हसणं झाडाला भेटल्याचं की बुंधा भरल्याचं? आपल्या आठवणीच कुणी तरी परस्पर विकाव्यात तसं झालं. मी पोहे न खाताच निघालो. पुढे त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. आम्ही पुन्हा भेटलो नाही.

परत आलो तोवर म्हशींची वाट गाडीरस्ता होऊ लागली होती. दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज यायचा; मुलांची पाढे म्हणण्याची लय त्या ठोक्यांवर जायला लागली. कोळशाच्या भट्ट्या लागल्या. मातीने लिंपलेले ढीग, त्यांच्या शेंड्यांतून निघणारा निळसर धूर. कातकरी मजूर दुरून आणले होते, आणि काम मिळतंय म्हणून वाडीतलीही माणसं हळूहळू तिकडे गेली. कुणाचा विरोध चालणार होता? रान मालकाचं, कागद मालकाचा.

राही मला आठ दिवस भेटली नाही. मग मीच वाडीवर गेलो. ती झोपडीपुढे हिरडे वाळत घालत होती. मी उभा राहिलो. तीही उभी राहिली.

“राहीबाई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ.”

“ते मी इचारलंच नाय.”

“मग?”

“तुला म्हायीत नव्हतं, तर मला कशापायी सांगितलंस, हा आपला हाय म्हनून?”

ती पुन्हा खाली बसली आणि हिरडे पसरू लागली. मी उतरलो.

तो उन्हाळा मी कसाबसा काढला. दाराबाहेर बघवेना. मुलांना पाठ फिरवून बसवलं, दाराऐवजी भिंतीकडे तोंड करून, मला स्वतःलाही. वैशाखात मी बदलीचा अर्ज दिला. प्रकृतीचं कारण लिहिलं. पाऊस लागायच्या आत मला शहापूरजवळ शाळा मिळाली, स्टेशनापासून जवळ, सपाट मुलखात. गावाचा निरोप घेतला. वाडीवर गेलो नाही.

शहापुरात मी संसार मांडला, मुलं झाली. माझी फसवणूक झाली, हे मी इतकी वर्षं इतक्या निष्ठेने जपलं की त्याची जवळजवळ सवय झाली. कुणाशी मैत्री जुळायला लागली की आत कुणी तरी मापाची दोरी घेऊन उभं राहायचं. बायको म्हणायची, तुम्ही माणसाशी बोलता बोलता मध्येच निघून जाता. ती म्हणायची ते बरोबर होतं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं. भादव्यातच एका कामासाठी मुरबाडला जावं लागलं, आणि बाजारात कुणी तरी “गुर्जी!” म्हणून हाक मारली. काळू होता, वाडीतला, माझ्या हाताखाली चौथी झालेला. आता मिशा फुटलेल्या, लग्न झालेलं. तो मला चहाला घेऊन गेला. मी सगळ्यांची चौकशी केली. रानाची केली नाही, त्यानेच सांगितलं: वरची धार आता पाऊस पडतो तेवढीच येते, गढूळ, लाल, दसऱ्याला कातळ कोरडा. शाळेच्या दारातून आता पाचही दिसतात.

“आणि राहीबाई?”

काळूने कप खाली ठेवला. “हाय. पन वाडीनं तिला सा वर्सं नव्याला घेतली नाय. औंदा घेतली. म्हातारी मानसं म्हनाली, झालं तेवढं पुरे.”

“का? काय केलं तिने?”

“तुमाला नाय म्हायीत? तुमच्या त्या पावन्याला तिनंच नेलं ना वर. पंचांनी इचारलं, मास्तर व्हता का संगं? त नाय म्हनाली. मास्तर शाळंत व्हता, त्याला ठावंच नाय, मी माज्या मनानं नेलं.”

चहाचा कप माझ्या हातात होता. काळू पुढे बरंच काही बोलत होता. मी मध्येच टोकावड्याच्या मोटारीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मोटारीने टोकावडे, मग पायी. पाऊस थांबत थांबत पडत होता. डोंगर उघडा होता, हिरवा पण उघडा, आणि त्यावर पाच रेघा होत्या, पाचवी तांबूस. मी वाडीकडे वळलो. राही आपल्या उतारावर नागलीतलं गवत काढत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली.

“मास्तर! वाळलास रं.”

मी चिखलातच तिच्यासमोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो, त्यातलं काहीच आठवेना. “काळू भेटला होता,” मी म्हटलं. “राहीबाई, माझं नाव का नाही सांगितलंस? मीच तर तुला हट्ट केला. मी तिथे होतो.”

तिने हातातल्या गवताची माती झटकली. विचार करायला लागावं असं त्यात तिला काही वाटत नव्हतं.

“तुजं नाव घेतलं आसतं, त वाडीनं पोरं साळंत धाडली नसती. पोरं नाय त साळा नाय. तुला हितनं जावं लागलं आसतं,” ती म्हणाली. “मला काय? मी हितलीच.”

डोंगरावरून पाण्याचा आवाज येत होता. मी मान वर करू शकलो नाही. सहा वर्षं. दर भादव्यात सगळी वाडी अनवाणी वर गेली असेल आणि ही एकटी दारात बसली असेल, जुन्या दाण्याची भाकरी खात, माझी शाळा राहावी म्हणून. आणि तेव्हा मी शहापुरात, सपाट मुलखात, मला मित्राने कसं फसवलं याचा हिशेब उगाळत बसलो होतो.

“तुज्यामागं दोन वर्सं मास्तर आलाच नाय,” ती सांगत होती. तक्रार म्हणून नाही. गावची खबर द्यावी तसं. “दार मोडलं. ढोरं बसायची आत.” मग ती पुन्हा वाकली, नागलीच्या ताटांमधून हात घालून गवत चाचपलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“तू त गेलासच, मास्तर.”